ॲडमिन कोण आहे?

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या सोसायटीसमोरच्या चेंबरचं झाकण गेलं. गेलं म्हणजे भंगारवाल्याने नेलं, फुटून आत पडलं की ठेकेदाराने दुसऱ्या चेंबरवर बसवायला उचललं, यावर आमच्या इमारतीत अजून तीन मतं आहेत. बदलापूरच्या रिवाजाप्रमाणे कुणीतरी त्या भोकात झाडाची फांदी खोवली, फांदीला लाल फडकं बांधलं आणि नागरी कर्तव्य पार पाडलं. पाचव्या मजल्यावरच्या काकांनी त्याचा फोटो काढला. काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे फोटोतही शिस्त. फांदी बरोबर मध्ये, मागे सोसायटीची पाटी, शेजारी माप कळावं म्हणून स्वतःची चप्पल. फोटो त्यांनी वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली दोनच शब्द लिहिले, "याचं काय?"

चाळीस मिनिटांत फोन आला. पावसाळ्यात चाळीस मिनिटांत आमच्याकडे रिक्षासुद्धा मिळत नाही.

"काका, भाऊंच्या ऑफिसातून बोलतोय. ती पोस्ट तुम्हीच टाकलीत ना?"

"हो. झाकण कधी बसवताय?"

"ते बघू हो. ग्रुपचा ॲडमिन कोण आहे?"

काका म्हणाले, "ॲडमिन पडलाय त्या चेंबरात, या काढायला." आणि फोन ठेवला. ऑर्डनन्स फॅक्टरीत दारूगोळाच बनतो असं नाही, पण बनतो.

भाऊ तेव्हा 'भावी' होते. भावी नगरसेवक हे आमच्याकडचं सर्वांत दीर्घकाळ टिकलेलं पद. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या दोन्ही नगरपरिषदांची निवडणूक झाली २०१५ मध्ये, मुदत संपली २०२० मध्ये. मग करोना आला, करोना गेला, ओबीसी आरक्षणाचा खटला आला, प्रभागरचना झाली, मोडली, परत झाली, आणि मतदानाची शाई बोटाला लागली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये. शेजारच्या उल्हासनगर महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली, मतदान जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात सगळीकडे प्रशासक. 'आमचा नगरसेवक पाच वर्षांत फिरकला नाही' ही मराठी मतदाराची आवडती तक्रार, तीही करायची सोय उरली नाही, कारण फिरकायला नगरसेवकच नव्हता. म्हणून लोक ग्रुपवर गेले. ज्यांच्या नावात 'आपलं' किंवा 'मी' आहे असे फेसबुकचे गट, सोसायट्यांचे ग्रुप, यूट्यूबवर चालणाऱ्या बातम्या. पाणी कधी येणार, लाइट का गेली, खोपोली लोकल किती मिनिटं उशिरा, कुत्रा कोणाला चावला, सगळं तिथे. वॉर्ड ऑफिसच ते, फक्त जेवणाची सुट्टी नाही.

आणि जिथे वॉर्ड ऑफिस तिथे भाऊ येणारच.

भाऊंची ग्रुपवर यायची पद्धत ठरलेली. रोज सकाळी साडेसहाला उगवत्या सूर्यासमोर स्वतःचा फोटो आणि शुभ सकाळ. एकादशीला विठ्ठल डावीकडे, भाऊ उजवीकडे, दोघांची उंची सारखी. प्रश्न विचारला की उत्तर नाही. दोन हात जोडल्याचं चिन्ह. तो नमस्कार आहे की माफी की 'आता आवरा', हे ज्याचं त्याने ठरवायचं. भाऊ फिरतात तेव्हा मागे दोन पोरं असतात, एक छत्री धरायला आणि एक मोबाइल धरायला. पाऊस थांबला की छत्रीवाला घरी जातो.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर उद्या मलाच फोन येईल. ऑनलाइन लढवय्ये सगळेच काही काकांसारखे नसतात. आमच्या तिन्ही शहरांत माइकवाल्यांचं पीक आहे. दुचाकीवर 'प्रेस', हातात माइक, माइकवर स्वतःच छापून आणलेला रंगीत चौकोन. यांच्यातले काही जीव तोडून काम करतात, रात्री अकराला पाइपलाइन फुटली तर तिथे जाऊन भिजतात. आणि काहींचा धंदा पोस्ट चढवण्याचा नसून उतरवण्याचा असतो. उल्हासनगरात बेकायदा स्लॅब पडतोय, त्याचा फोटो दुपारी चढतो आणि संध्याकाळी उतरतो. चढलेल्या पोस्टला लाइक मिळतात. उतरलेल्या पोस्टला काय मिळतं ते उतरवणाऱ्यालाच विचारा. बांधकामाला म्हणावा तर काहीच धोका नसतो. ज्या शहरातल्या ८५५ बेकायदा इमारती पाडायला उच्च न्यायालयाने सांगितल्यावर सरकारने २००६ मध्ये त्या नियमित करण्याचा कायदाच आणला, तिथे एका पोस्टने स्लॅब हलेल अशी भाबडी समजूत ना टाकणाऱ्याची असते ना बांधणाऱ्याची. पोस्ट ही दोघांची ओळख करून देण्यापुरती.

ही ओळख वाढवावी कशी, याचं मार्गदर्शन थेट वरून आलेलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे नगरला कार्यकर्त्यांशी बोलले आणि त्याची ध्वनिफीत बाहेर आली. सार असं की आपापल्या बूथवरच्या पत्रकारांची, त्यातही पोर्टलवाल्या आणि छोटे व्हिडिओ करणाऱ्यांची यादी करा, त्यांना चहाला न्या, ढाब्यावर न्या, म्हणजे निवडणुकीपर्यंत आपल्याविरुद्ध काही येणार नाही. गदारोळ झाल्यावर त्यांनी खुलासा केला की पत्रकारांना मान द्या एवढंच म्हणायचं होतं. मी तो खुलासा पूर्ण मान्य करतो. महाराष्ट्रात मान ढाब्यावरच मिळतो, बदलापूर-कर्जत रस्त्यावर तर तो तंदूर रोटीबरोबर मिळतो. मला त्या भाषणात खटकलं ते वेगळंच. इतक्या मोठ्या पक्षाचा प्रदेशाध्यक्ष पोर्टलवाल्याची किंमत एक चहा लावतो, आणि पोर्टलवाल्यांचा राग किंमत लावल्याचा होता की कमी लावल्याचा, हे मला त्यांच्या निषेधाच्या व्हिडिओतून अखेरपर्यंत कळलं नाही.

उत्तर प्रदेशात असा संशय ठेवत नाहीत. तिथल्या सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये धोरणच जाहीर केलं, सरकारी योजनांचं कौतुक करणाऱ्यांना फॉलोअरप्रमाणे महिन्याला आठ लाखांपर्यंत जाहिराती. आणि त्याच कागदात पुढे, आक्षेपार्ह मजकूर टाकला तर कारवाई. एका पानावर चहा, दुसऱ्या पानावर दांडका. कागदाची बचत.

आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये शासनाने मीडिया मॉनिटरिंग सेंटरला मंजुरी दिली, खर्च दहा कोटी. छापील, टीव्हीवरच्या आणि समाजमाध्यमांवरच्या सरकारविषयीच्या मजकुराची सकाळी आठ ते रात्री दहा छाननी करायची, सकारात्मक आणि नकारात्मक असे गठ्ठे लावायचे आणि चुकीचं काही दिसलं तर लगेच खुलासा करायचा. मी काकांना म्हटलं, तुमची फांदी कोणत्या गठ्ठ्यात गेली असेल? काका म्हणाले, "फांदी हिरवी होती. सकारात्मक."

पण चहा हा काही ठाणे जिल्ह्याचा खरा शोध नव्हे. आमच्या जिल्ह्याचा शोध दुसरा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, तेव्हा पालघरच्या एका मुलीने 'बंद कशासाठी' अशा अर्थाची फेसबुक पोस्ट टाकली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक. लिहिणारीला तर झालीच, आवडल्याचं सांगणारीलाही झाली. मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळं झालं ते २०१४ मध्ये. त्या प्रकरणातून सुरू झालेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं. म्हणजे देशाला ऑनलाइन बोलण्याचं स्वातंत्र्य मिळवून देण्यात आमच्या जिल्ह्याचा मोठाच वाटा आहे, आधी पकडून दिलं असलं तरी.

कलम गेलं, सवय राहिली. आणि सवय कोणा एका पक्षाची नाही, हे आपल्या राजकारणातलं दुर्मिळ एकमत. डिसेंबर २०१९ मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाल्या झाल्या त्यांच्यावर फेसबुकवर लिहिणाऱ्या वडाळ्याच्या एकाचं शिवसैनिकांनी डोकं भादरलं. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांच्यावरचं व्यंगचित्र नुसतं फॉरवर्ड करणाऱ्या कांदिवलीतल्या निवृत्त नौदल अधिकाऱ्याला मारहाण झाली. मधे एप्रिल २०२०, टाळेबंदीत, ठाण्यातल्या एका अभियंत्याला तेव्हाचे मंत्री जितेंद्र आव्हाड यांच्या बंगल्यावर नेऊन मारल्याची तक्रार झाली, कारण एक फेसबुक पोस्ट. या प्रकरणात आव्हाडांना २०२१ मध्ये अटक झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला; आपला संबंध नाही असं त्यांचं म्हणणं. मे २०२२ मध्ये शरद पवारांवरच्या पोस्टबद्दल अभिनेत्री केतकी चितळे यांना ठाणे पोलिसांनी पकडलं, कळव्यातला गुन्हा, महिनाभराहून जास्त तुरुंग. ती पोस्ट घाणेरडी होती असं माझं मत आहे. घाणेरड्या पोस्टला तुरुंग असेल तर आमच्या शुभ सकाळवाल्यांचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. मग मार्च २०२५, कुणाल कामराने एकनाथ शिंदे यांच्यावर नाव न घेता विडंबन गायलं, शिवसैनिकांनी खारचा तो स्टुडिओ फोडला, दुसऱ्या दिवशी महापालिकेचा हातोडाही तिथे पोहोचला. महापालिका एका दिवसात बेकायदा बांधकाम शोधू शकते, हे कळल्यावर उल्हासनगरात काही जणांची झोप उडाली म्हणतात. मग त्यांना समजावून सांगितलं की हे फक्त गाणी म्हणणाऱ्यांसाठी आहे.

या सगळ्या गोष्टींमध्ये एक गंमत आहे. माणूस काय म्हणाला त्याला कुणीच उत्तर दिलेलं नाही. बंद कशासाठी, याचं उत्तर २०१२ पासून आजवर आलेलं नाही.

आमच्या पोलीस परिमंडळात आता दांडका क्वचित निघतो. नोटीस येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४९, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६८. निवडणूक आली, सण आला, मोर्चा निघाला की ग्रुप ॲडमिनना ठाण्यात बोलावून कागद देतात, तुमच्या ग्रुपमुळे कायदा व सुव्यवस्था बिघडली तर तुम्ही जबाबदार. काका म्हणाले, बिघडली म्हणजे? मी म्हटलं, काका, २ फेब्रुवारी २०२४ आठवा. उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं, वरिष्ठ निरीक्षकाची केबिन, आणि तिथे भाजपचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेच्या महेश गायकवाडांवर गोळ्या झाडल्याचा गुन्हा. तेव्हा कायदा व सुव्यवस्था केबिनमध्येच खुर्चीवर बसलेली होती, तिला काही झालं नाही. तुमच्या फॉरवर्डने मात्र होऊ शकतं.

आता २० ऑगस्ट २०२४ बद्दल. इथे मला थट्टा जमत नाही आणि जमवायचीही नाही, निदान ज्या कारणासाठी लोक रुळांवर उतरले त्याची तर नाहीच. बदलापुरात शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले, पालकांना तक्रार नोंदवायला तासन्‌तास ताटकळावं लागलं. मनसेच्या एका स्थानिक पदाधिकारी महिलेने प्रकरण लावून धरलं, हे पक्षाचं नाव घेऊन सांगायला हवं, कारण राजकारणी माणसाने केलेलं काम आपण एरवी लगेच विसरतो. मग निरोप ग्रुपांवरून फिरला. सकाळी लोक शाळेसमोर जमले, तिथून स्टेशनवर गेले आणि जवळपास दहा तास लोकल थांबली. मी रोज ८.१५ च्या गाडीला लटकणारा माणूस. त्या दिवशी ज्यांना मी वर्षानुवर्षं फक्त पाठमोरे पाहिले होते त्यांचे चेहरे पहिल्यांदा पाहिले.

आणि त्या दिवशी राजकारण्यांची जी पंचाईत झाली, ती मी विसरणार नाही. आपल्याकडे आंदोलनाचं एक व्याकरण असतं. घोषणा, मग शिष्टमंडळ, मग निवेदन, मग निवेदन स्वीकारतानाचा फोटो, मग आश्वासन, मग वडापाव. यात शिष्टमंडळ नसेल तर पुढचं काहीच घडत नाही. सरकारतर्फे गिरीश महाजन आले. महाजन म्हणजे संकटमोचक, मोठमोठी उपोषणं सोडवलेले, रुसलेल्यांना मनवणारे. ते माइक घेऊन विनवण्या करत राहिले आणि समोर कुणी नव्हतं. म्हणजे हजारो लोक होते, पण 'कुणी' नव्हतं. चहाला कुणाला न्यायचं? ढाबा होता, गाडी होती, यादीच नव्हती. इथल्या नेत्यांनी ज्या ज्या ॲडमिनना मान दिला होता ते सगळे गर्दीत इतरांसारखेच उभे, घामाघूम, नि त्यांच्या हातात काही नव्हतं. शेवटी संध्याकाळी लाठी आली. लाठीला ॲडमिन लागत नाही.

दुसऱ्या दिवशी इंटरनेट बंद. सुमारे तीनशे जणांवर गुन्हे, सत्तरच्या आसपास अटकेत. मुलीच्या तब्येतीबद्दल खोटीच अफवा पसरवल्याबद्दल एका तरुणीलाही पकडलं, आणि ती अफवा खरोखरच दुष्ट होती, आपल्या ग्रुपांवर अशी किती फिरते याचा हिशेब आपण ठेवत नाही. वार्तांकन करणाऱ्या महिला पत्रकाराला लाजिरवाणं बोलल्याबद्दल बदलापूरचे माजी नगराध्यक्ष वामन म्हात्रे यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्यांनी आरोप नाकारला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २२ ऑगस्टला, लोक भडकल्याशिवाय यंत्रणा हलतच नाही का, अशा अर्थाचं सुनावलं.

आणि तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे म्हणाले की आंदोलन राजकीय होतं, माणसं बाहेरची होती, आणि लाडकी बहीण योजनेचे फलक इतक्या लवकर छापून कसे आले?

फलकांचं आधी घेऊ. ज्या ठाणे जिल्ह्यात नेत्याचा वाढदिवस रात्री बाराला सुरू होतो आणि बारा वाजून पाच मिनिटांनी कल्याणपासून वांगणीपर्यंत एकही विजेचा खांब उघडा दिसत नाही, त्या जिल्ह्याच्या नेत्याने फलक लवकर कसे छापतात असं जनतेला विचारावं? साहेब, छपाईवाले तुमचेच. आम्ही त्या दिवशी पुठ्ठा आणि स्केचपेन वापरलं, तेही मुलांच्या दप्तरातलं.

राहिलं बाहेरचे. बदलापुरात बाहेरचा नाही असा कोण आहे, सांगा. मी लालबागच्या चाळीतून आलो, काका सातारचे, तळमजल्यावरचे डोंबिवली परवडेना म्हणून आलेले, तिसऱ्या मजल्यावरचे बदलापूर परवडतं म्हणून आलेले आणि आता वांगणीकडे बघणारे. उल्हासनगर तर वसलंच बाहेरून आलेल्यांचं. फाळणीत सिंधमधून सर्वस्व सोडून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली आणि १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर नाव मिळालं. लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चारच म्हणतात. अंबरनाथला १०६० सालचं शिवमंदिर आहे. त्याच्या भिंतीवरची शिल्पं तेवढी पक्की स्थानिक, पण ती रेल रोकोला आली नव्हती.

एक मात्र मान्य. बाहेरचा ठरवणं हा 'ॲडमिन कोण आहे' याचाच दुसरा अवतार, फक्त तो पोस्ट टाकणाऱ्याला शोधून थकल्यावर येतो.

याउलट एक माणूस असा आहे की त्याला कुणीच ॲडमिन कोण विचारत नाही. बदलापुरात एक खासगी हवामान अभ्यासक आहेत, घरचं हवामान केंद्र, पावसाचे नि पाऱ्याचे आकडे रोज टाकतात, आणि ते बघायला अख्खी मुंबई येते. २००५ चा २६ जुलै पाहिलेलं हे शहर, २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं तेही इथेच. त्यामुळे उल्हास नदी किती फुगली हे कळणं म्हणजे जिवाचा प्रश्न. भाऊंसारख्यांना हे आकडे फार आवडतात. त्यावर स्वतःचा हसरा फोटो चिकटवून 'सतर्क राहा' असं टाकतात. पावसावर कुणी गुन्हा दाखल करू शकत नाही आणि पाऊस कुठल्या गटाचा हेही विचारता येत नाही, म्हणून हे प्रेम. तेच कुणी वालधुनीच्या फेसाचा फोटो टाकून पाहावा. ही नदी अंबरनाथमधून उल्हासनगरात येते. २०१४ मध्ये तिच्यात टँकरमधून रसायन ओतल्यावर शेकडो उल्हासनगरकरांना इस्पितळात न्यावं लागलं होतं, 'वनशक्ती' संस्था तिच्यासाठी हरित लवादापर्यंत गेली. फेसाच्या फोटोखाली एमआयडीसी, नगरपरिषद, महापालिका, प्रदूषण मंडळ सगळ्यांना टॅग करा. चौघांकडून चार उत्तरं येतील आणि चारही उत्तरांत बाकीच्या तिघांचे पत्ते असतील.

निवडणुका झाल्या एकदाच्या. त्यानंतर ग्रुपवाल्यांची खरी परीक्षा झाली ती अंबरनाथमध्ये. शिंदेंच्या शिवसेनेला सत्तेबाहेर ठेवायला भाजप आणि काँग्रेस तिथे एकत्र आल्याची बातमी आमच्या ग्रुपवर आली तेव्हा काकांनी बजावलं, "फेक आहे. डिलीट करा. ॲडमिनने लक्ष घालावं." दुसऱ्या दिवशी पेपरात तेच. मुख्यमंत्री फडणवीसांनी असली युती चालणार नाही म्हणून सांगितलं, काँग्रेसने आपल्या बारा नगरसेवकांना निलंबित केलं, आणि ते बाराही भाजपमध्ये गेले. मीम करणारी पोरं हतबल झाली. एक चित्र तयार करून पाठवेपर्यंत मधला माणूस पक्ष बदलून डावीकडून उजवीकडे गेलेला.

त्याच सुमारास, जानेवारी २०२६ मध्ये, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत भाजपने स्वीकृत नगरसेवक म्हणून जी नावं घेतली त्यांत एक नाव त्या शाळेच्या संस्थेच्या पदाधिकाऱ्याचं होतं, २०२४ च्या त्याच प्रकरणात सहआरोपी असलेल्या. नाव बाहेर आलं आणि बदलापूरचा प्रत्येक मोबाइल तापला. दुसऱ्याच दिवशी राजीनामा. या वेळी कुणाला फोन आला नाही, कुणी चहाला बोलावलं नाही, कुणी बाहेरचा ठरला नाही. एवढ्या वेळेत झालेलं काम नगरपरिषदेच्या इतिहासात दुसरं कोणतं, मी शोधतोय.

आमचे भाऊही निवडून आले. 'भावी' गेलं, नुसतं नगरसेवक राहिलं, बॅनरवरची जागा वाचली तिथे मुलाचा फोटो आला. निकालाच्या तिसऱ्या दिवशी भाऊंनी सोसायटीत सत्कार ठेवला. आपला नव्हे, काकांचा. 'जागरूक नागरिक' म्हणून शाल, श्रीफळ आणि एक ट्रॉफी, जिच्यावर काकांच्या नावापेक्षा भाऊंचं नाव मोठं. काकांनी शाल घेतली, कारण थंडी होती. माइक हातात आला तेव्हा दोनच शब्द बोलले, "झाकणाचं काय?" टाळ्या पडल्या. भाऊंनीही वाजवल्या. मोबाइलवाल्या पोराने तेवढा भाग कापून रील टाकलं, त्यात काका नुसतेच तोंड हलवतात आणि मागे सनई वाजते.

मग भाऊंनी सगळ्यांसमोर हात जोडून विनंती केली. आता मी तुमचा सेवक, तेव्हा ग्रुपवर माझ्याकडून थेट उत्तरं यायला हवीत की नकोत? मला ॲडमिन करा. नाही कोण म्हणणार, श्रीफळ नुकतंच फोडलेलं. केलं ॲडमिन.

रात्री नऊला ग्रुपवर भाऊंचे आभार आले, दोन हात जोडलेले. नऊ वाजून चार मिनिटांनी खाली करड्या अक्षरांत एक ओळ उमटली, की या ग्रुपमध्ये यापुढे फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील.

काका सकाळी जिन्यात भेटले. म्हणाले, "बसलं बुवा झाकण." मी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. फांदी होती तिथेच होती, फडकं तेवढं पांढरं पडलं होतं.